अर्धवट काम दाखवण्याची सवय : नव्या डिझायनरसाठी आणि त्याच्या वरिष्ठासाठी

डिझायनरने कारकिर्दीची सुरुवात कशी करावी आणि स्टुडिओतील वातावरण सर्जनशील कसे ठेवावे, हे दोन प्रश्न सहसा वेगवेगळ्या माणसांना पडतात. पहिला विद्यार्थ्याला, तर दुसरा हाताखाली नुकतीच चार-दोन माणसे आलेल्या वरिष्ठाला. या दोन्ही जागांवर बसून काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की दोन्ही प्रश्नांची गाठ एकाच ठिकाणी आहे, आणि ती म्हणजे काम कच्चे असताना ते दुसऱ्यासमोर ठेवता येते की नाही. नवख्याला त्यासाठी संकोच बाजूला सारावा लागतो आणि वरिष्ठाला कच्चे काम पाहण्याची रीत शिकावी लागते. पुढील मजकूर त्याच क्रमाने लिहिला आहे; तथापि दोघांनीही एकमेकांसाठीचा भाग वगळू नये.

पोर्टफोलिओत काय ठेवावे

पोर्टफोलिओत, म्हणजे दाखवण्यासाठी निवडलेल्या आपल्या कामांच्या संग्रहात, पाच किंवा सहा कामे पुरेशी असतात. पाहणाऱ्याकडे थोडीच मिनिटे असतात आणि सर्वांत दुबळ्या कामावरून तो आपला अंदाज बांधतो, म्हणून संख्या वाढवण्यासाठी ठेवलेले सातवे काम बहुधा नुकसानच करते. प्रत्येक कामाबरोबर चार गोष्टी साध्या वाक्यांत लिहाव्यात: काय हवे होते, कोणत्या मर्यादा होत्या, कोणता पर्याय का सोडून दिला, आणि इतर कोण सोबत होते. यांतील तिसरी गोष्ट बहुतेक जण गाळतात, कारण टाकून दिलेली रेखाटने दाखवणे त्यांना कमीपणाचे वाटते. मी उमेदवारांची कामे पाहतो तेव्हा मात्र सर्वांत आधी तीच शोधतो. पूर्ण झालेले चित्र पाहून हात कसा आहे ते कळते, आणि टाकून दिलेले पाहून डोके कसे चालते ते कळते.

नामांकित कंपनीचे बोधचिन्ह स्वतःच्या मनाने बदलून दाखवण्याची हौस अनेकांना असते. अशा कामात ग्राहक नसतो, खर्चाची मर्यादा नसते आणि नाही म्हणणारे कुणी नसते, त्यामुळे त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही. त्यापेक्षा एखाद्या वाचनालयाचा सभासदत्वाचा अर्ज घ्यावा, वीस माणसांना तो भरायला द्यावा आणि शेजारी गप्प बसून पाहावे. पत्त्यासाठी एकच ओळ असल्यामुळे लोक समासात आडवे लिहितात, जन्मतारखेच्या जागी आजची तारीख टाकतात, सही कुठे करायची ते विचारतात. या टिपणांच्या आधारे अर्जाची मांडणी बदलून तो पुन्हा वीस जणांना द्यावा. आधीचा अर्ज, टिपणे आणि नंतरचा अर्ज अशी तीन पाने पोर्टफोलिओत लावली, तर ती दहा काल्पनिक बोधचिन्हांहून अधिक बोलतात.

अनुभव नसल्याची चिंता करणाऱ्यांनी सुझन केअर यांचे उदाहरण लक्षात ठेवावे. त्या 1983 मध्ये अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश संगणकाच्या गटात रुजू झाल्या तेव्हा त्यांच्याकडे कलेच्या इतिहासातील डॉक्टरेट होती, शिल्पकामाचा सराव होता. संगणकाच्या पडद्यासाठी काम केल्याचा अनुभव मात्र नव्हता. त्यांनी आलेखाची वही घेतली, 32 गुणिले 32 चौकटींचा एक चौरस आखला आणि एकेक चौकट भरून चिन्हे काढली. ज्या कामासाठी जायचे आहे त्याच्या मर्यादेत आधीच काही करून नेणे, ही युक्ती आजही तितकीच चालते.

मुलाखतीत प्रश्न विचारण्याची संधी मिळते तेव्हा पगार आणि रजा यांच्या पुढे जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात. ग्राहकापर्यंत पोहोचण्याआधी माझे काम किती वेळा आणि कोण पाहील, हा पहिला प्रश्न. फसलेल्या एखाद्या कामाबद्दल सांगू शकाल का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे गुळमुळीत आली, तर त्या ठिकाणी शिकवणारे कुणी नाही असे समजावे. चाचणी म्हणून दिलेले काम काही तासांचे आणि काल्पनिक विषयावरचे असेल तर ते जरूर करावे. परंतु ते एखाद्या खऱ्या ग्राहकाचे असल्याचे दिसले, तर त्याचे मानधन किती हे नम्रपणे विचारावे. नेमणुकीच्या करारात आपण केलेले काम पुढे पोर्टफोलिओत दाखवण्याची मुभा आहे की नाही, ते सही करण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

पहिले वर्ष

पहिल्या वर्षी वाट्याला येणारे काम किरकोळ असते: दुसऱ्याने केलेली जाहिरात चौदा आकारांत बसवणे, मजकुरातील दुरुस्त्या करणे, छायाचित्रे कापणे. हे काम हलके मानू नये. आडव्या मांडणीतले शीर्षक उभ्या पट्टीत बसवताना कोणता घटक आधी लहान करायचा आणि कोणता अजिबात हलवायचा नाही, याचा निर्णय चौदा वेळा घ्यावा लागतो, आणि मूळ मांडणीत कशाला किती महत्त्व होते हे त्या चौदा निर्णयांतूनच उमगते.

छपाईचे आणि पडद्याचे साधे नियम याच काळात हातात बसवून घ्यावेत. कागद कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून रंग कागदाच्या हद्दीबाहेर साधारण 3 मिलिमीटर नेतात. छायाचित्र छापायच्या प्रत्यक्ष आकारात 300 पीपीआयचे (दर इंचाला 300 चित्रबिंदू) असावे. रंगीत छपाईत निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार रंगांसाठी वेगवेगळी प्लेट असते; बारीक काळा मजकूर फक्त काळ्या रंगाच्या प्लेटवर ठेवावा. तो चारही रंगांनी बनवला आणि प्लेट केसभर सरकली, तर प्रत्येक अक्षराला लाल-निळी सावली चिकटते. पडद्यावरील नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे गुणोत्तर किमान 4.5 : 1 असावे, असे वेबच्या सुगम्यतेचे मानक सांगते. फाइलच्या नावात तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक असावा, आणि ‘फायनल’ हा शब्द तर नावात घालूच नये, कारण त्याच्या पाठोपाठ ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल खरोखर’ यांचा जन्म ठरलेला असतो.

ब्रीफ, म्हणजे कामाबद्दलच्या अपेक्षांचे टिपण, मिळाले की त्याच दिवशी ते स्वतःच्या शब्दांत पाच-सहा वाक्यांत लिहून देणाऱ्याकडे परत पाठवावे. वाचणारा कोण, तो हे कुठे आणि कशावर वाचणार, वाचून त्याने काय करावे, आणि कोणती गोष्ट बदलता येणार नाही, एवढे त्यात आले पाहिजे. ही सवय मला एका चुकीने लावली. माझ्या पहिल्या नोकरीत एका वार्षिक अहवालाची मांडणी माझ्याकडे आली होती आणि नऊ दिवस मी ती कुणालाही दाखवली नाही, कारण पूर्ण झाल्यावर सर्वांना थक्क करायचे मनात होते. दहाव्या दिवशी मी मोठ्या पडद्यावर पाने उघडली. दोन स्तंभ, सडपातळ अक्षरे, फिकट करड्या रंगातील तळटिपा. वरिष्ठांनी काही न बोलता ती फाइल स्वतःच्या फोनवर घेतली आणि फोन माझ्या हातात दिला. अहवाल छापला जाणारच नव्हता, तो सभासदांना फोनवर वाचायचा होता, आणि तळटिपा मला स्वतःलाही वाचता येत नव्हत्या. नऊ दिवसांपैकी निदान सात दिवस वाचले असते, जर तिसऱ्या दिवशी मी दोन पाने घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेलो असतो.

म्हणून नियम असा ठेवावा की दिलेल्या वेळेचा एक तृतीयांश भाग संपला की काम दाखवायचे, मग ते कसेही असो. त्या टप्प्यावर एकमेकांपासून खरोखर वेगळ्या अशा तीन दिशा असाव्यात; एकाच मांडणीचे तीन रंग म्हणजे तीन दिशा नव्हेत. त्या मुद्दाम ओबडधोबड ठेवाव्यात, कारण चकचकीत केलेल्या कामावर लोक रंगाविषयी बोलू लागतात आणि मूळ कल्पनेविषयी बोलायचे राहून जाते. दाखवताना आपल्याला कशावर मत हवे आहे ते आधी सांगावे: ‘रंग तात्पुरते आहेत, शीर्षकानंतर डोळा कुठे जातो तेवढे सांगा.’ मते ऐकताना पहिली दहा मिनिटे बचाव करू नये, केवळ लिहून घ्यावे. ‘लोगो मोठा करा’ असे ग्राहक म्हणतो तेव्हा तो उपाय सांगत असतो, तक्रार सांगत नसतो. तक्रार बहुधा अशी असते की आपले नाव कुणाच्या नजरेस पडणार नाही. तक्रार कळली की लोगोभोवतीची गर्दी कमी करण्यासारखा दुसरा उपायही सुचवता येतो.

ग्राफिक डिझायनर पॉला शेर यांनी 1998 मध्ये सिटी बँकेच्या बोधचिन्हाची मूळ कल्पना ग्राहकाबरोबरच्या बैठकीतच एका कागदी रुमालावर रेखाटली, ही गोष्ट प्रतिभेचा चमत्कार म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातील दुसरी बाजू अधिक कामाची वाटते. काही क्षणांत काढलेले, वेडेवाकडे रेखाटन ग्राहकासमोर उघडपणे पडले होते आणि ते सर्वांच्या गळी उतरवण्याचे लांबलचक काम त्यानंतर सुरू झाले. त्या क्षणांमागे कित्येक वर्षांचा सराव होता, हे तर उघडच आहे.

वरिष्ठाने काय करावे

नवख्याने कच्चे काम आणावे अशी अपेक्षा असेल, तर ते आणल्याची शिक्षा त्याला होता कामा नये. संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील गटांचा अभ्यास केला, तेव्हा औषध देण्यातील चुकांची नोंद चांगल्या नेतृत्वाच्या गटांत कमी असेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती जास्त आढळली. त्या गटांतील माणसे चुका दडवत नव्हती, हे त्यामागचे कारण म्हणून पुढे आले. हा अभ्यास 1996 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 1999 मध्ये त्यांनी गटातील मानसिक सुरक्षिततेची, म्हणजे शिक्षेच्या भीतीविना बोलता येण्याची, कल्पना सविस्तर मांडली. स्टुडिओत याचा अर्थ सोपा आहे: आढाव्याला नेहमीच गुळगुळीत, निर्दोष काम येत असेल, तर वरिष्ठाने खूश होण्याऐवजी आपल्यापासून काय लपवले जात आहे याचा विचार करावा.

आठवड्यातून एक ठरलेली वेळ आढाव्यासाठी राखावी आणि ती ग्राहकाच्या बैठकीसाठीही मोडू नये. एका वेळी चार-पाच कामांपेक्षा अधिक घेऊ नयेत आणि प्रत्येकाला दहा ते पंधरा मिनिटे द्यावीत. कामे भिंतीवर लावावीत. सहकारी दूर असतील तर सर्वांना एकाच वेळी दिसेल अशा सामायिक फलकावर ठेवावीत. पहिली दोन मिनिटे कुणीही बोलू नये. नंतर आधी प्रत्येकाने काय दिसते ते सांगावे, मग प्रश्न विचारावेत, आणि मत शेवटी द्यावे. सर्वांत वरिष्ठ व्यक्तीने सर्वांत शेवटी बोलावे, कारण ती आधी बोलली की उरलेले तिच्याच मताला शब्द पुरवत बसतात. आढाव्याची सुरुवात मात्र वरिष्ठाने स्वतःचे अर्धवट काम लावून करावी. पहिल्या दोन-तीन वेळा कुणी त्यावर टीका करणार नाही. चौथ्या वेळी कुणीतरी चाचरत काही बोलेल, आणि त्या टीकेचे वरिष्ठ काय करतात इकडे सर्वांचे लक्ष असेल.

अशा आढाव्यातील एक प्रसंग अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. एका व्याख्यानाच्या भित्तिपत्रकावर ‘सूक्ष्मजीवांची’ आणि त्याखाली ‘किमया’ असे दोन ओळींचे शीर्षक होते, दोन्ही ओळी डावीकडून सुरू होणाऱ्या. वरच्या ‘सू’चा दीर्घ उकार खालच्या ‘कि’च्या वेलांटीत घुसला होता. आमच्या ज्येष्ठ सहकारी हे लगेच सांगू शकल्या असत्या. त्यांनी विचारले, ‘दुसरी ओळ मी कुठून वाचायला सुरुवात करते?’ भित्तिपत्रक करणारा मुलगा म्हणाला, ‘कि’पासून. ‘मग माझा डोळा पुन्हा वर का जातो आहे?’ तो भिंतीजवळ गेला, थोडा वेळ पाहत राहिला आणि हसला. ओळींमधील अंतर वाढवावे असे त्याने आधी सुचवले; त्याने शीर्षक दुभंगते आहे हे त्यालाच जाणवले, आणि शेवटी त्याने दुसरी ओळ दोन अक्षरे उजवीकडे सरकवली. तेवढ्याने उकाराला जागा मिळाली आणि शीर्षकाला चालही आली. यात जेमतेम सहा मिनिटे गेली. उपाय सांगून टाकला असता तर एका मिनिटात काम झाले असते, पण पुढच्या वेळी उकार आणि वेलांटीची टक्कर तपासण्याची जबाबदारी पुन्हा त्यांच्यावरच आली असती.

याच कारणासाठी वरिष्ठाने कनिष्ठाच्या खुर्चीत बसून माउस हातात घेऊ नये. ही सवय मलाही होती आणि ती मोडायला मला बराच काळ लागला, हात शिवशिवतातच. बोट दाखवावे, कागदावर रेघ मारावी, परंतु फाइलमध्ये बदल ज्याचे काम आहे त्यानेच करावा.

नव्या कल्पना हव्या असतील तर सर्वांना एका खोलीत कोंडून ‘काहीही सुचवा’ म्हणणे हा मार्ग वाटतो तितका फलदायी नाही. येल विद्यापीठात झालेल्या आणि 1958 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, एकत्र बसून विचार करणाऱ्या चौघांपेक्षा एकेकटे बसून विचार करणाऱ्या चौघांच्या कल्पनांची बेरीज अधिक भरली होती. म्हणून आधी वीस मिनिटे प्रत्येकाने आपापल्या कागदावर काढावे, मग कागद नावाविना भिंतीवर लावावेत आणि त्यानंतर चर्चा करावी. चर्चेला मात्र वेगवेगळ्या कामाची माणसे असावीत. बिल बर्नबाक यांच्या 1949 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या जाहिरात संस्थेत शब्द लिहिणारा आणि चित्र मांडणारा यांना जोडीने बसवण्याची पद्धत रुजली. तोवर एकाने मजकूर लिहून दुसऱ्याकडे धाडायचा, असा सर्वसाधारण रिवाज होता. त्याआधी, 1919 मध्ये वायमार येथे स्थापन झालेल्या बाउहाउस या कला आणि डिझाइनच्या शाळेत कार्यशाळेला सुरुवातीच्या काळात दोन गुरू असत, एक आकाराचा आणि एक कारागिरीचा. आजच्या स्टुडिओत दुसऱ्या गुरूची जागा छपाई करणाऱ्याने किंवा प्रोग्रामरने घ्यावी. महिन्यातून एक दुपार त्याला बोलावून ‘आमच्या फाइलींमुळे तुम्हाला काय त्रास होतो’ एवढाच प्रश्न विचारला तरी तास पुरत नाही.

रंगीत भिंती, झोपाळे आणि खेळाची टेबले यांवर मी फार लिहिणार नाही. एक मोकळी भिंत, एक बरा प्रिंटर आणि उभे राहून बोलता येईल असे उंच टेबल असले की भागते.

वेळेच्या नियोजनावर मात्र वातावरण अक्षरशः अवलंबून असते. प्रत्येक काम आदल्या रात्रीच पूर्ण होत असेल, तर कच्चे काम दाखवायला आणि ऐकलेले पचवायला जागाच उरत नाही, आणि मग ‘मोकळेपणाने बोला’ या वाक्याला कुणी विचारत नाही. अंदाज देताना आढाव्यानंतरच्या दुरुस्तीचे दिवस वेगळे मोजावेत, मंजुरी आणि रवानगी यांच्यामध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा, आणि ग्राहकाच्या बाजूने सर्वांची मते गोळा करून एकाच व्यक्तीने लेखी कळवावीत असे करारातच नमूद करावे. तीन अधिकाऱ्यांकडून तीन वेगवेगळ्या सूचना थेट नवख्या डिझायनरच्या फोनवर येऊ देणे ही वरिष्ठाची चूक आहे.

श्रेयाच्या बाबतीत ढिलाई केली की बाकी सारे वाया जाते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात 1946 मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याच्या स्टुडिओतील फर्निचरचे प्रदर्शन भरले, तेव्हा त्याच्या नावात एकट्या चार्ल्स ईम्स यांचा उल्लेख होता. रे ईम्स आणि हॅरी बर्टोया यांच्यासारख्या सहकाऱ्यांचा त्या कामात मोठा हात असूनही त्यांना तसा मान मिळाला नाही. याच्या उलट टोकाचे उदाहरण म्हणून 1972 मध्ये लंडनमध्ये पाच भागीदारांनी स्थापन केलेल्या पेंटाग्राम या डिझाइन संस्थेकडे पाहता येईल, जिथे भागीदार आपापला चमू चालवतात आणि नफ्यात समान वाटेकरी असतात. प्रत्येक स्टुडिओला ती रचना झेपणार नाही. परंतु प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये एक साधी नोंद ठेवणे कुणालाही झेपते: कल्पना कुणाची, मांडणी कुणाची, अक्षरे कुणी निवडली, छपाई कुणी सांभाळली. काम ज्या आठवड्यात बाहेर जाते त्याच आठवड्यात ही नोंद सर्वांसमोर वाचून पूर्ण करावी, कारण सहा महिन्यांनी प्रत्येकाची आठवण स्वतःच्या बाजूने झुकलेली असते.

हीच नोंद एखादा सहकारी नोकरी सोडतो तेव्हा उपयोगी पडते. त्याच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्याबरोबर तासभर बसावे, नोंदी चाळून त्याने केलेल्या कामांची यादी काढावी, ग्राहकांच्या गुप्ततेच्या अटींमुळे कोणती कामे दाखवता येणार नाहीत ते खुणावे, आणि उरलेली कामे टाकून दिलेल्या रेखाटनांसह त्याच्या पोर्टफोलिओसाठी त्याच्या हवाली करावीत.